पिसारा फुललेला, सोंड आखडलेली

१४ एप्रिल, सोमवार

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "रोज दोन ओळी लिही ट्वायला. मनातलं. कोणी वाचणार नाही." मी आठवीत शाळा सोडली, मला लिहायची सवय नाही. पण त्या पुढच्या वेळी विचारणार, म्हणून लिहिते.

माझा नवरा गारलान काल बोटीवर गेला. नदीवरची मालबोट. अठ्ठावीस दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. जाताना म्हणाला, आईचं ऐक.

माझी मुलगी डेला चार महिन्यांची झाली. ती खाली सासूबाईंकडे असते. मी रोज दुपारी बारा ते पाच तिला घेते, मग परत वर आमच्या ट्रेलरमध्ये. रिकाम्या हातानं जंगलातून वर चालत यायचं. पाच वाजले की सासूबाई घड्याळाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

सकाळ मोकळी असते म्हणून चित्र काढते. बस, आज एवढंच.

१५ एप्रिल

आज रानटर्की दिसला! टेकडीवर लाकडं ओढून न्यायची जुनी वाट आहे, तिथे ओकच्या झाडाला पाठ लावून बसले होते. पहाटेपासून. ढुंगण बधिर झालं, मानेवर गोचीड चढला, तरी हलले नाही. आधी आवाज आला. गडगडायचा नाही, दुसरा, तो पिसारा फुलवताना छातीतून काढतो तो. कानाला ऐकूच येत नाही, आपल्या छातीत लागतो. लांबून ट्रक जातोय असं वाटतं.

मग तो आला. पंख जमिनीला घासत. पाठ तांब्यासारखी, वळला की हिरवी, परत वळला की काळी. हा रंग कुठल्या डबीत मिळत नाही. मी तांबडा लावून वर हिरवा पुसून बघितला तर गंजलेल्या बादलीसारखं दिसलं.

चित्र जुन्या कपाटाच्या दारावर काढतेय. एन्सेलच्या पेंडीच्या दुकानासाठी. तो दर वर्षी कॅलेंडर काढतो, त्याला या वर्षी टर्की पाहिजे, मिरवणारा. मागच्या वर्षी करवतीच्या पात्यावर मी हरीण काढलं होतं ते त्याच्या गल्ल्यामागे टांगलंय.

खालून मादी ओरडली तेव्हा माझ्या अंगावरचं दूध सुटलं. शर्ट भिजला. हे लिहायला नको होतं.

१७ एप्रिल

सासूबाई आज ओट्याशी उभ्या, मला पाठ करून.

"झालं का तुझं चित्र?"

"डोकं व्हायचंय."

"डोकंच तर व्हायचंय," त्या म्हणाल्या.

डेला माझ्या मांडीवर होती, माझं बोट चावत होती. मग त्याच वळल्या. "हे बघ पोरी. एक काम धर, सुरू कर, आणि संपव. मला आणून दाखव. मग रात्रीचीही ने तिला. तुझी मुलगी आहे, मला काय ती पेटीत ठेवायचीय?"

म्हणजे चित्र पुरं झालं की डेला घरी. मी तीन वेळा विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, "ही ऑर्फा एकदा बोलली की बोलली."

आता खरं लिहायचं तर लिहिते. फेब्रुवारीत डेलाला टबात आंघोळ घालत होते. आणि मला दिसलं की माझे हात सुटले. सुटले नव्हते. फक्त डोळ्यांपुढे दिसलं. पण इतकं स्पष्ट की मी तिला ओलीच उचलली आणि ओल्या अंगानं पळत खाली सासूबाईंकडे गेले आणि सांगितलं. बाहेर बर्फ होता. तेव्हापासून डेला तिकडे आहे. मी सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. पण मग काय झालं असतं?

सासूबाईंनी नुसता टॉवेल आणला. आणि त्या टब वापरतच नाहीत. त्यांच्याकडे आहे, न्हाणीघरात सगळ्यात वरच्या फळीवर, उपडा. डेलाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसतात. म्हणाल्या, "गारलानलाही मी असंच केलं. टबात कधी नाही." पाणी वाचवायची सवय असेल. आमच्याकडच्या जुन्या बायका साबणाचा तुकडासुद्धा टाकत नाहीत.

१८ एप्रिल

चित्र घेऊन एन्सेलकडे गेले, नुसतं विचारायला की बरोबर चाललंय का. तो चष्मा पुसून पुसून बघत होता. मग हसायला लागला.

"ट्वायला, ह्याला कोणी दम दिलाय का?"

"का?"

"पिसारा फुलवलायस, छाती फुगवलीयस, आणि सोंड बघ केवढीशी! बोरीच्या काट्याएवढी."

चोचीवर मांसाचा तुकडा असतो त्याला आमच्याकडे सोंड म्हणतात. नर मिरवतो तेव्हा ती चोचीच्या खाली लोंबते, बोटभर. डोकं पांढरंफट, गाल निळे, गळा लाल. आणि घाबरला की सोंड आखडते, पांढरा रंग उतरतो. हे इथल्या लहान पोरांना पण माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी मी तशी काढली.

"असा पक्षी जगात नाही," एन्सेल म्हणाला. "एक तर मिरवेल, नाही तर घाबरेल. दोन्ही एकदम कसं करेल?"

पेंड न्यायला आलेले दोघं पण हसले. मी पण हसले. गाडीत येऊन रडले. मग वाटलं, रडायचं काय त्यात, डोकं खरवडून परत काढायचं.

मी जे बघितलं तेच काढलं होतं असं मला वाटत होतं.

२१ एप्रिल, सोमवार

आजपासून शिकार सुरू. पहाटे ओढ्यापलीकडे दोन बार ऐकू आले. आमच्या जंगलात कोणी येत नाही. सासऱ्यांनी हयात असताना सगळ्या कडेच्या झाडांवर जांभळे पट्टे मारले होते. जांभळा पट्टा म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही, इथे कोणी ते मोडत नाही. पण पट्टे आता फिके झालेत.

तरी गारलाननं फोनवर बजावलं. "लाल, पांढरं, निळं अंगावर काही नको. झाडीतून तेवढाच रंग दिसतो, कोणाला डोकं वाटलं की संपलं."

"माहितीय रे," मी म्हटलं.

मी त्याचा मातकट कोट घालते. चित्र गोणपाटात गुंडाळून नेते, तोंड आतल्या बाजूला. त्यावर डोकं आहे ना, लाल, पांढरं, निळं. रंगाच्या लाल नळीला पण मोजा घातला. गारलान एवढा हसला की फोनवर मागचे सगळे डेकवाले ऐकायला लागले. "माझी बायको नळीला मोजे घालते!"

हसू दे.

२४ एप्रिल

डोकं तीन वेळा खरवडलं. तो रोज येतो पण लांब. आज मादी होती बरोबर, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, पानं उकरत होती आणि हा आपला तिच्याभोवती गोल गोल. त्याची दया आली. मी मादीकडेच जास्त बघत बसले. दोन घास खाते, मान वर करते. दोन घास, मान वर. तिला कोणी म्हणत नाही की तू फार घाबरट आहेस.

डेला आज पालथी पडली. सासूबाईंनी बघितलं. मी नंतर गेले.

२९ एप्रिल, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

आज तो जवळ आला. वीस पावलांवर. डॉगवूडचं झाड सगळं पांढरं फुललंय, त्याच्या खाली तो उभा. ऊन बरोबर त्याच्या डोक्यावर. सोंड लांब, खाली लोंबलेली, मी पेन्सिलीनं पटपट काढत होते. मनात म्हटलं, आज झालं. आज डोकं झालं की शनिवारपर्यंत चित्र पुरं, शनिवारी डेला घरी.

खालच्या घळीतून मादी ओरडायला लागली. मी आधी खूश झाले. मग लक्षात आलं, तीनदा, थांबून तीनदा, थांबून तीनदा. खरी मादी असं नाही ओरडत, ती मध्येच कंटाळते. हा लाकडी डबीचा आवाज, मादीची नक्कल करायला शिकारी खडू लावून घासतात ती. म्हणजे आमच्या जंगलात कोणीतरी बंदूक घेऊन बसलंय. मला राग आला. पण हलले नाही. डोकं अर्धं झालं होतं.

आणि मग त्याची सोंड आखडली.

पिसारा तसाच होता. पूर्ण फुललेला. पण सोंड वर चढत गेली, वर, आणि डोक्यावरचा पांढरा रंग उतरायला लागला. मी जसं काढलं होतं तसंच. मला एन्सेल आठवला. मग वाटलं, हा मला नाही घाबरला, मी हललेच नाही. डबीलाही नाही. मग कशाला? तो डावीकडे बघत होता म्हणून मी डावीकडे बघितलं.

उताराच्या कडेला, झुडपांच्या वर, लाल हललं. लाल, मग पांढरं, मग लाल. एवढंसंच. चढावर असल्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. बरोबर टर्कीच्या उंचीवर. घळीच्या आणि माझ्या बरोबर मध्ये.

ती गोधडी मला माहीत आहे. डेलाच्या पाळण्यावरची आहे. सासूबाईंच्या आईनं शिवलेली.

मी उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले आठवत नाही. नंतर कळलं, "पोर आहे! पोर आहे!" असं. तो भर्रकन उडाला, एवढा मोठा पक्षी, माझ्या डोक्यावरून गेला, वारा लागला. मी पळत गेले. झुडपात पाय अडकला, पडले, उठले.

सासूबाई तिथे उभ्या. डेलाला गोधडीत घट्ट धरून. तोंड चुन्यासारखं. डेला माझ्याकडे बघून हसली.

घळीतून हॉलिसमामा वर आले. सासूबाईंचा धाकटा भाऊ. मला वाटलं होतं परका कोणी असेल.

"पट्टे दिसले नाहीत?" मी म्हटलं. मामांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

"मी का परका आहे? लहानपणापासून इथे..." मग म्हणाले, "मी बंदूक उचलली नव्हती. सांगून ठेवतो. उचललीच नव्हती." असं दोनदा म्हणाले. मग ओंडक्यावर बसले आणि खिशाचं बटण लावायला लागले. ते लागेचना. खूप वेळ लागेना. सकाळी गारवा असतो इकडे, बोटं आखडतात.

"तीन वर्षं या पक्ष्याच्या मागे आहे मी, ट्वायला," ते म्हणाले, "आणि तू एका आरोळीत पार पलीकडच्या तालुक्यात घालवलास." पण हसले नाहीत.

मी सासूबाईंना विचारलं, "तुम्ही वर कशाला आलात?"

"बाटली संपली होती. भुकेली झाली. म्हटलं तुझ्याकडे आणावी."

मी डेलाला घेतलं आणि तिथेच ओकखाली बसून पाजलं. अडीच महिन्यांनी अंगावर घेतलं तिनं. पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग घेतलं. सासूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत बाटली होती, भरलेली. घाईत विसरल्या असतील.

खाली जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं तुला आवाजच नाही."

गोधडी त्यांनी उलटी करून घेतली, आतली करडी बाजू वर. आणि घरी पोचेपर्यंत माझ्या पुढे चालल्या नाहीत, मागे चालल्या.

३० एप्रिल

झोप नाही. सारखं तेच. मी वर टेकडीवर बसले नसते तर त्या वर आल्या नसत्या. म्हणजे माझ्यामुळेच ना? माझं चित्र, माझा हट्ट. नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आणि लाल हललेलं कोणाला दिसलं?" मी म्हटलं, मला नाही, टर्कीला. त्या म्हणाल्या, लिहीत राहा.

बाहेर हॉलिसमामा आले होते जांभळ्या रंगाचा डबा घेऊन. दिवसभर कडेकडेनं झाडांना पट्टे मारत होते. एकेक पट्टा हातभर. मी कॉफी नेली.

"इथे तुमच्याशिवाय कोण येतं, मामा?"

ते ब्रश बुडवत राहिले. "तू रंगारी ना? सांग, सरळ आलाय का?"

वाकडा होता. मी सरळ म्हटलं. शिकारीचे अजून बारा दिवस राहिलेत पण बंदूक साफ करायला दिलीय म्हणाले.

३ मे, शनिवार

तो परत आला नाही. मी रोज गेले. डबीचा आवाज नाही, त्याचाही नाही. फक्त मादी, तीही एकटी. ती अंड्यांवर बसत असेल आता.

चित्र तसंच राहिलं. शनिवार आला.

मग दुपारी बसले आणि लांब सोंड पुसून टाकली. आखडलेली काढली. बघून काढायची गरज पडली नाही. डोक्याचा पांढरा रंग उतरताना काढला, गालाशी थोडा राहिलेला. पिसारा तसाच ठेवला, पूर्ण. आणि तो डावीकडे बघतोय. डावीकडे काय आहे ते दारावर मावत नव्हतं, आणि मला काढायचंही नव्हतं.

एन्सेलकडे नेलं. म्हटलं, नको असेल तर नको. त्यानं चष्मा पुसला. हसला नाही.

"हा काहीतरी बघतोय," तो म्हणाला.

"हो."

"काय बघतोय?"

"माझी मुलगी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हॉलिसमामा बोलले असतील त्याच्याकडे, या गावात काही राहत नाही. म्हणाला, "असतो तर असा पक्षी."

"पापणी लवेपर्यंत असतो," मी म्हटलं.

तो ठेवून घेतो म्हणाला. पण मी म्हटलं दोन दिवस मला पाहिजे, घरी दाखवायचंय.

५ मे

सासूबाईंना दाखवलं. ओट्यावर उभं केलं, पिठाच्या डब्याला टेकून. त्या हात पुसत आल्या, उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते की म्हणतील, सोंड चुकली. त्यांना टर्की माझ्यापेक्षा जास्त कळतात, चाळीस वर्षं सोललेत.

"संपलं?" त्या म्हणाल्या.

"संपलं."

त्यांनी पिसाऱ्यावरून बोट फिरवलं, रंगाला न लावता. मग चुलीकडे गेल्या. पाव जळत होता. एरवी त्या कधी जळू देत नाहीत.

७ मे, बुधवार

चार वाजता सासूबाईंची पिकअप वर आली. मागे पाळणा, दोरीनं बांधलेला, कपड्यांची टोपली, आणि टब. तोच, फळीवरचा. डेला त्यांच्याजवळ पुढे.

सामान आत ठेवलं. पाळणा कुठे ठेवायचा यावर वाद झाला, त्यांना खिडकीपासून लांब पाहिजे, मला जवळ. जवळच ठेवला.

"येते," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. पण गाडी हलेना. इंजिन चालू आणि अंगणातच उभी. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी दारातून बघत होते. जुनी गाडी आहे, कधी कधी गिअर अडकतो. शेवटी मी डेलाला कडेवर घेऊन बाहेर गेले आणि काचेवर टकटक केली.

"अडकला का?"

"कोण? ... हो."

"मग आत या. तोवर हिची आंघोळ करू. मला एकटीला भीती वाटते."

हे मी तोंडानं म्हटलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. त्यांनी इंजिन बंद केलं.

टब धुवायला घेतला. आत कोळ्याचं जाळं. आणि तळाला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली, पिवळी पडलेली. गारलान सव्वीस वर्षांचा आहे. मी नखानं खरवडून काढली.

"नवाच ठेवलात की इतकी वर्षं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "पाणी फार गरम नको."

कोपरानं बघितलं, बरोबर होतं. डेलाला उघडी केली. ती पाय झाडत होती, तिला माहीत होतं काहीतरी मजा आहे. सासूबाईंनी बाह्या वर केल्या, एक हात तिच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली, मी पायाकडून धरलं, आणि आम्ही तिला पाण्यात उतरवलं. चार हात आणि एवढंसं पोर.

आणि सासूबाईंचे हात थरथरायला लागले. टबातलं पाणी हलत होतं त्यानं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, डोळे मिटलेले. म्हाताऱ्या झाल्यात. पाळणा, टोपली उचलून आणली, हात भरून आले असतील. मी म्हटलं, "आई, तुम्ही सोडा. मी धरते."

त्या सोडेनात.

"सोडा," मी म्हटलं, "मी धरलंय."

आणि मी धरलं होतं.